दुसरी चावी

बाबा गेले, त्यांचा जलदान विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढायला खाली गेले आणि चावी कुलपात जाईना.

विहारातून आणलेली मोठी पातेली परत पोचवायची होती. ती मी गाडीच्या टपावर ठेवली आणि पुन्हा चावी लावून बघितली. निम्मी आत जायची आणि कशाला तरी अडायची. आधी वाटलं धूळ असेल. घाटकोपरला आमच्या बिल्डिंगच्या मागे रिडेव्हलपमेंटचं काम चालू आहे, सगळ्या गाड्यांवर सिमेंटचा थर बसलेला असतो. फुंकर मारली, ओढणीच्या टोकाने पुसलं. मग खाली वाकून आत बघितलं तर भोकाच्या आत पितळेसारखं काहीतरी चमकत होतं. डाव्या दाराचं कुलूप केव्हाच गंजून बसलेलं, ते आम्ही कधी दुरुस्त केलं नाही. म्हणजे आत शिरायला हा एकच रस्ता होता.

पहिल्या मजल्यावरचे काका दूध घेऊन येत होते. ते थांबले, वाकून बघितलं आणि म्हणाले, "अगं, आत चावी तुटली आहे कोणाची तरी. हे पिनने नाही निघायचं. स्टेशनजवळच्या चावीवाल्याला बोलव."

मी माझ्या हातातली चावी बघितली. अख्खी होती.

ही गाडी बाबांनी निवृत्त झाल्यावर घेतली होती. सेकंडहँड, राखाडी रंगाची, लहानशी. महापालिकेच्या पाणी खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. अकोल्याकडच्या एका खेड्यातून ते मुंबईत आले तेव्हा एका पिशवीत त्यांचं सगळं सामान मावलं होतं, असं ते सांगायचे. गाडी आणली त्या दिवशी त्यांनी आईला पुढच्या सीटवर बसवून पंतनगरभर दोन चकरा मारल्या. बुद्धपौर्णिमेला आम्ही सगळे त्या गाडीतून कान्हेरीला गेलो. आई, मी, माझा धाकटा भाऊ, त्याची बायको, अंग चोरून बसलेलो. भाऊ तेव्हा नुकताच बोरिवलीला राहायला गेला होता. तो म्हणाला, "बाबा, झकास चालवता तुम्ही!" आणि बाबा आरशातून हसले.

मग बाबांच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा मुलुंडला डायलिसिस. सुरुवातीला आम्ही रिक्षाने जायचो. परत येताना ते सुई टोचलेला हात दुसऱ्या हाताने उराशी धरून बसायचे आणि प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटायचे. गाडी मात्र खाली उभी होती, बॅटरी उतरून गेलेली. मी भावाला म्हटलं, निदान शनिवारी तरी गाडी चालवायला ये. तो दोनदा आला. तिसऱ्यांदा ऑफिसचं काम निघालं, चौथ्यांदा पोराची परीक्षा. पुढे मी विचारायचं सोडून दिलं आणि चाळिशी उलटून गेल्यावर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. शिकवणारा मुलगा मला आंटी म्हणायचा आणि माझ्या प्रत्येक चुकीला दुसऱ्या बाजूचा ब्रेक दाबायचा. मला वळणावर घाम फुटायचा. पण शिकले.

मी कुर्ल्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. सकाळची ड्युटी मागून घेतली. पहाटे लॅब, दुपारी घर, बाबांना घेऊन मुलुंड, संध्याकाळी परत. बाबा शेजारी बसून सांगायचे, "क्लच हळू सोड. हळू. तो ट्रक जाऊ दे." हायवेला लागलो की ते खिडकीची काच थोडी खाली करायचे. आमचं सगळ्यात जास्त बोलणं त्या गाडीतच झालं. घरी ते टीव्ही बघायचे.

चावीवाला स्कूटरवरून आला. जाडा, पान खाल्लेला माणूस, रविवारी सकाळी बोलावलं म्हणून वैतागलेला. त्याने कुलपात तेलाचा फवारा मारला, बारीक स्क्रूड्रायव्हरने आतला तुकडा जरा सरळ केला. मग घासून पातळ केलेल्या करवतीच्या पात्याचे दोन तुकडे त्याच्या दोन्ही बाजूंनी आत सरकवले आणि ते आवळून हळूहळू ओढायला लागला. दोनदा सटकलं. त्याने शिवी दिली आणि माझ्याकडे बघून सॉरी म्हणाला. तिसऱ्यांदा चावीचं टोक बाहेर आलं, ते त्याने चिमट्याने पकडलं आणि ओढून माझ्या तळहातावर ठेवलं.

"वरचा भाग द्या," तो म्हणाला. "दोन्ही जोडून नवीन बनवून देतो."

"वरचा भाग नाहीये. माझी चावी ही बघा, चांगली आहे."

त्याने माझी चावी घेतली, तुकडा तिच्यावर ठेवला. दाते दात्यांवर बसले.

"मग ही डुप्लिकेट होती, मॅडम. तुमच्याच गाडीची. घरात विचारा कोणी तोडली ते." त्याने सामान आवरलं. "स्वस्तातली होती. अशी चावी जोर लावला की जातेच."

डुप्लिकेट आमच्याकडे होती हे मला आठवत होतं. बाबांनी गाडी घेतली तेव्हाच बनवून घेतली होती. ती नीट बसायची नाही, जरा मागे ओढून मग फिरवावी लागायची. टीव्हीखालच्या खणात ती पडलेली असायची. मी वर आले, खण उघडला. औषधांची रिकामी पाकिटं, रिमोटचे सेल, एक चष्मा. चावी नव्हती.

आई स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. मी विचारलं, "आई, गाडीची दुसरी चावी कुठे आहे गं?"

"असन कुठीतरी," ती म्हणाली. मान वर केली नाही.

माझी आई खोटं बोलायला लागली की कामाचा वेग वाढवते. मेथीची पानं देठांसकट पातेल्यात पडायला लागली होती. मी तिथेच उभी राहिले आणि आदला दिवस आठवायला लागले. विधी आटोपला होता, भंतेजींना भोजनदान झालं होतं, नातेवाईक पंगतीला बसत होते. भाऊ म्हणाला होता, "जरा खाली जाऊन येतो, हवा खातो." बऱ्याच वेळाने वर आला. घामाघूम होता. मीच त्याला पंख्याखाली बसवलं, पाणी दिलं. मग तो जेवला, बुंदी पुन्हा मागून घेतली. जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "ताई, तू खूप केलंस बाबांचं." मला तेव्हा रडू आलं होतं.

मी फोन लावला.

"काल तू गाडीला हात लावलास?"

तिकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. मग म्हणाला, "ताई, मी तुला फोन करणारच होतो."

"कधी?"

"आजच. दुपारी. अगं, ती चावी तुटली ना. सगळे लोक घरात, म्हटलं तेव्हा कुठे सांगत बसू."

"काय सांगणार होतास? चावी तुटली हे, की गाडी घेऊन जाणार होतास हे?"

"तू लगेच अशी नको बोलू ना. बाबांनी मला दिलीय गाडी. मी काय चोर आहे का?"

"बाबांनी कधी दिली?"

"दिवाळीच्या सुट्टीत आलो होतो ना, तेव्हा. तू लॅबला होतीस. त्यांनी स्वतः खणातून काढून हातात दिली. म्हणाले, माझ्यामागे तू ने. आईला विचार, ती समोरच होती."

"आणि तू काल गुपचूप नेणार होतास."

"गुपचूप काय त्यात? घरी पोचलो की फोन केला असता तुला."

"अरे, सकाळी मी खाली गेले असते आणि गाडी जागेवर नसती. मी पोलिसात गेले असते रे!"

"काहीही काय, यार," तो म्हणाला. "तू ना, ताई, प्रत्येक गोष्टीचा ड्रामा करतेस."

मी फोन ठेवला. चावी धड असती तर काय झालं असतं ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं. हातात पातेली घेऊन त्या रिकाम्या जागेसमोर मी उभी. वॉचमनवर ओरडले असते. काकांना उठवलं असतं. सगळी बिल्डिंग गोळा केली असती. आणि वर आई गप्प बसून मेथी निवडत राहिली असती.

आईला मी सरळच विचारलं. तिने पातेलं बाजूला ठेवलं आणि हात पदराला पुसले.

"देल्ली व्हती त्यायनं," ती म्हणाली. मुंबईत सगळं आयुष्य काढलं तरी आईची बोली अजून अकोल्याचीच आहे. "मह्या समोरच देल्ली."

"काय म्हणाले?"

"जाऊ दे ना वं आता. गेलेल्या माणसाचं कायले उकरून राहिली?"

"आई, काय म्हणाले ते सांग."

ती खिडकीकडे बघत म्हणाली, "म्हणे, बापाची गाडी पोराच्या दारात दिसली पाह्यजे."

"आणि मी?"

"तू हायच ना घरी," आई म्हणाली.

त्या उत्तरात तिला काही वावगं वाटलं नव्हतं. तिच्या मते तिने मला दिलासाच दिला होता.

इथे माझ्या बाबांबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर ते कोणीतरी जुन्या वळणाचे, पोरगा पोरगा करणारे बाप होते असं वाटेल. ते तसे नव्हते. जयंतीला विहारात ते दरवर्षी बोलायला उभे राहायचे आणि त्यांचा विषय ठरलेला असायचा. मुलींना शिकवा, मुलगा-मुलगी भेद करू नका. वस्तीतल्या कितीतरी मुलींच्या घरी जाऊन त्यांनी बापांशी भांडणं केली आहेत. मला सायन्सला त्यांनी घातलं, नातेवाईक नको म्हणत असताना. आणि लग्न मोडून मी एक बॅग घेऊन परत आले, तेव्हा दार त्यांनीच उघडलं. काही विचारलं नाही. "हातपाय धू, जेवायला बस," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी जिन्यात कोणीतरी खोचक विचारलं तर मोठ्याने म्हणाले, "माझी मुलगी तिच्या घरी आलीय." मी आत उभी राहून ऐकलं होतं. त्या एका वाक्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

म्हणून मला राग कुठे ठेवावा ते कळेना. भावाचा राग सोपा होता. तो पहिल्यापासून तसाच आहे, आयतं मिळालं तर हात पुढे करणारा. पण बाबांनी दिवाळीत चावी देऊन टाकली आणि त्यानंतर मार्चपर्यंत, अगदी हॉस्पिटलात भरती होईपर्यंत, ते माझ्या शेजारी त्याच गाडीत बसत होते. आठवड्यातून तीनदा. काच खाली करत होते. क्लच हळू सोड म्हणत होते. जानेवारीत एकदा भांडुपच्या सिग्नलला त्यांनी डॅशबोर्डवरून हात फिरवला आणि म्हणाले, "जपून वापर गं. अजून खूप चालेल ही." मला वाटलं मला सांगताहेत. ते मला सांगत नव्हते. ते मुलाची वस्तू सांभाळायला सांगत होते.

गाडी मला हवी होती का? मी स्वतःलाच विचारलं. लॅबला मी चालत आणि बसने जाते, गाडी परवडतही नाही. बाबांनी मला नुसतं सांगितलं असतं, की गाडी त्याला देतो, तुला काय वाटतं, तर मी हो म्हटलं असतं. कदाचित जरा फुगले असते, मग हो म्हटलं असतं. त्यांना ते माहीत असणारच. तरी त्यांनी मी घरात नसतानाची वेळ बघितली. त्यांना माझ्यासमोर ओशाळं वाटलं असेल म्हणून सांगितलं नाही, असं मी बरेच दिवस मनाला समजावलं. आता तेही वाटत नाही. मला वाटतं त्यांना ती मला सांगण्याची गोष्टच वाटली नसेल.

पुढच्या रविवारी भाऊ आणि त्याची बायको आली. कागद त्याने आधीच आणले होते. गाडी त्याच्या नावावर व्हायला आईची आणि माझी हरकत नाही अशी सही लागत होती. आईने चष्मा लावून लगेच सही केली. मी पेन हातात घेऊन बसले.

"एक सांग," मी म्हटलं. "डायलिसिसच्या वेळी ही गाडी तुझी होती की माझी?"

"ताई, प्लीज."

"नाही, सांग ना. खड्ड्यातून न्यायची होती तेव्हा कोणाची होती?"

त्याची बायको मोबाईल बघायला लागली. भाऊ लाल झाला. "हे बघ," तो म्हणाला, "बाबांनी तुला काय कमी केलं? शिकवलं, नोकरीला लागलीस. परत आलीस तेव्हा ठेवून घेतलं. मी कधी बोललो एका शब्दाने? हे घर तू वापरतेसच ना? मग एक जुनी गाडी मला दिली तर तुझी एवढी का जळतेय?"

ठेवून घेतलं. मी आईकडे बघितलं. वाटलं, ती आता तरी म्हणेल, असं नको बोलू रे बहिणीला. आई उठली आणि चहा टाकायला आत गेली.

"मला कोणी ठेवून घेतलं नाही," मी म्हटलं. "मी माझ्या घरी आले होते. आणि घरात पगार देते, राशन भरते, बाबांचं हगणंमुतणं काढलंय. तुझ्या बायकोला विचार, ती तुझ्याकडे ठेवून घेतलेली आहे का."

"मला कशाला मध्ये घेता?" त्याची बायको म्हणाली. तिचंही खरंच होतं.

मी सही केली. भांडायचं ठरवलं असतं तर भांडता आलं असतं, अर्धा वाटा मागता आला असता. लॅबमधल्या एका मैत्रिणीने तसं सांगितलंही होतं. पण अर्धी गाडी घेऊन मी काय करणार होते? मला हवं होतं ते वाट्यात येणारं नव्हतं. चहा कोणीच प्यायला नाही, त्यावर साय धरली.

आम्ही सगळे खाली गेलो. माझी चावी मी त्याच्या हातात दिली. "ही एकच आहे ना आता?" त्याने विचारलं, आणि लगेच ओशाळून दुसरीकडे बघितलं. त्याच्या बायकोने मागच्या सीटवरची चादर, बाबांची पाठीला लावायची उशी आणि उलटीसाठी ठेवलेल्या पिशव्यांचा गठ्ठा काढून कट्ट्यावर ठेवला. "हे तुम्हाला लागेल ना, ताई?" ती म्हणाली. वाईट हेतूने नाही म्हणाली. तिला फक्त ते गाडीत नको होतं.

त्या गाडीचा क्लच अर्ध्यावर पकडतो. गेटाच्या चढावर भावाची गाडी बंद पडली, पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. मागे स्कूटरवाला हॉर्न मारायला लागला. मला एका वाक्यात सांगता आलं असतं. मी कट्ट्यावर उशीशेजारी बसून बघत राहिले. चौथ्या झटक्याला गाडी बाहेर गेली.

पावसाळा संपायच्या आत त्याने ती विकली. बोरिवलीला त्यांच्या सोसायटीत पार्किंग मिळालं नाही, गाडी रस्त्यावर लावावी लागायची, त्यात कोणीतरी आरसा तोडला. नालासोपाऱ्याच्या कोणाला तरी दिली. हे मला आईकडून कळलं, तेही ती बोलता बोलता चुकून बोलली म्हणून. म्हणजे बापाची गाडी पोराच्या दारातही काही फार दिवस दिसली नाही. हे ऐकून मला बरं वाटेल अशी माझी कल्पना होती. वाटलं नाही. त्या रात्री जेवताना मी आईशी बोलले नाही, आणि का बोलले नाही ते तिने विचारलंही नाही.

भावाशी आता बोलणं होतं ते आईच्या औषधांपुरतं. तो ताई म्हणतो, मी अरे म्हणते, कोणी ऐकलं तर काही बिनसलंय असं वाटणार नाही. बाबांच्या पहिल्या वर्षाला विहारातल्या लोकांनी मला विचारलं, तुम्ही त्यांच्याबद्दल दोन शब्द बोला. मुलींसाठी त्यांनी केलेलं काम तुमच्याइतकं कोण सांगणार? मी घसा बसल्याचं सांगितलं. भाऊ बोलला. चांगलं बोलला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, कारण त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती.

गेल्या महिन्यात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलुंडलाच. परत येताना रिक्षा मिळेना, मिळाली तर तिचे शॉकॲब्सॉर्बर गेलेले. आईच्या डोळ्यावर पट्टी होती. तिने एका हाताने माझा दंड धरला होता आणि दुसऱ्या हाताने रिक्षाची दांडी. कांजूरजवळ जोराचा खड्डा आला आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "गाडी असती तं बरं झालं असतं वं."

पट्टी माझ्या बाजूच्या डोळ्यावर होती, तिला माझा चेहरा दिसत नव्हता, तरी तिने तोंड दुसरीकडे वळवलं. माझ्या ओठांवर खूप काही आलं होतं. रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, जरा हळू घ्या, पेशंट आहे."